चुलीजवळचा टॉवर

आमचे अप्पा पाखरं हाकायचे. आधी मंठाळला दुसऱ्याच्या ज्वारीत माळ्यावर उभं राहून, गोफणीनं; आणि बीदरला आल्यावर हवाईतळाच्या धावपट्टीवर, हातात काठी आणि पत्र्याचा डबा घेऊन. विमान चढायच्या-उतरायच्या वेळी पट्टीवर घार, बगळा, टिटवी टिकू द्यायची नाही एवढंच काम, आणि तेही रोजंदारीवर. पण सोयरिकीच्या बैठकीत कुणी विचारलं की अप्पा मान ताठ करून "एअरफोर्सात हाय मी" म्हणायचे आणि माय पदराआड हसायची. त्यांचा सगळ्यात जास्त राग टिटवीवर. बाकीची पाखरं डबा ऐकून उडतात, ही उलट अंगावर येते, असं ते जेवताना सांगायचे, आणि इतक्या मोठ्यानं की शेजारच्या घरातून हुंकार यावा. दिवसभर डबा बडवून आणि इंजिनांच्या आवाजात उभं राहून त्यांचे कान गेलेले होते. त्यामुळं आमच्या घरात सगळेच ओरडून बोलायचे आणि कुणीच कुणाचं वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही. मी मोठी मुलगी, तेव्हा माझं वाक्य तर पहिल्या तीन शब्दांतच तुटायचं.

तळाच्या तारेच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर, विहाराच्या मागं आमचं दोन खोल्यांचं घर होतं. जांभ्या दगडाच्या भिंती, वर पत्रा. सकाळी सात वाजले की शिकाऊ विमानं घिरट्या घालायला लागायची, पत्रा थरथरायचा आणि माठावरचं झाकण वाजायचं. पाहुणे दचकायचे, आम्हाला मात्र रविवारी आवाज नसला की चुकल्यासारखं व्हायचं. विमानांच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज असायचा, सुपाचा. माय तुरीच्या डाळीच्या मिलमध्ये निवडायच्या कामाला होती. काळी, हिरवी, किडकी, सालाची डाळ बोटानं बाजूला काढायची, सूप हलवायचं, पुन्हा काढायची. दहावी झाल्यावर मलाही ती बरोबर न्यायला लागली. घरी आलं की पुन्हा घरचं निवडणं. ज्वारीच्या कण्या, तांदूळ, अंबाडीचा पाला, त्याला आमच्याकडं पुंडी म्हणतात. गरम भाकरी, पुंडीची भाजी आणि शेंगाची चटणी. आजही माझ्या जिभेला ह्यापेक्षा मोठं काही ठाऊक नाही. निवडणं हे बायकांचं काम, ही गोष्ट आमच्या घरात कुणी कधी बोलूनसुद्धा दाखवली नाही, इतकी ती ठरलेली होती. अप्पा किंवा माझा धाकटा भाऊ मिलिंद सुपापुढं बसलेले मी एकदाही पाहिले नाहीत. हे मी उगाच सांगत नाही. पुढं जे झालं त्याचं मूळ ह्यातच आहे.

मिलिंद माझ्याहून दोन वर्षांनी लहान. अप्पांची भाकरी घेऊन कुंपणापर्यंत जायचा तेव्हापासून त्याच्या डोक्यात विमान घुसलं होतं. गणितात हुशार, बोलायला कमी, आणि एखादी गोष्ट डोक्यात घेतली की जेवायचंही भान नाही. पी.यू.सी.च्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला असताना त्यानं जाहीर केलं की तो वैमानिक अधिकाऱ्याच्या परीक्षेला बसणार. अप्पांना आनंद झाला आणि भीतीही वाटली. तळावरच्या मेसमधल्या एका आचाऱ्याला त्यांनी विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, की लेखी परीक्षा पास झालेल्या पोरांना म्हैसूरला एका यंत्रावर बसवतात. हातात दांडा, पायाखाली पायटे, समोर काटे नि दिवे. सगळं एकाच वेळी सांभाळायचं. आणि ती परीक्षा जन्मात एकदाच देता येते. हुकली की हुकली, पुन्हा कुणी बसू देत नाही. अप्पांनी हे घरी येऊन ओरडून सांगितलं आणि मिलिंदनं हातातला घास खाली ठेवला. जन्मात एकदाच बसायला मिळणार असेल, तर आधी घरीच बसून शिकायला हवं, हे त्यानं तिथल्या तिथं ठरवलं.

मग आमच्या घरात विमान आलं. मिलमध्ये कुठल्याशा यंत्राचा मोठा लाकडी खोका मोडीत निघाला होता, तो मायनं मागून आणला. तो आडवा टाकून त्यात बसायला पाट, दांडा म्हणून मोडक्या छत्रीची मूठ, पायाखाली मधोमध खिळा ठोकून फिरणारी फळी. समोर डाव्या हाताला लाल दिवा, उजव्या हाताला हिरवा. टॉर्चच्या बल्बवर पतंगाचा कागद चिकटवून केलेले. बाहेरची अर्धी खोली ह्या खोक्यानं खाल्ली. अप्पा बाजेवरून पाय खाली टाकायचे ते थेट विमानाच्या शेपटावर. गल्लीतल्या बायका मीठ मागायला म्हणून यायच्या आणि विमान बघून जायच्या. माय कुरकुरायची, पण सारवताना खोक्याच्या कडेनं हात असा जपून फिरवायची की एक तार हलायची नाही.

पण ह्या सगळ्यात खरी जोखमीची वस्तू होती रेडिओची पट्टी. आचाऱ्यानं सांगितलं होतं, की विमान चालवता चालवता खालच्या टॉवरशी बोलावं लागतं आणि त्यासाठी बटणं फिरवून बरोबर आकडा लावावा लागतो. एक घर इकडंतिकडं झालं की कानात काही येत नाही. मिलिंदला ते घरी करायचं होतं. चौबाऱ्याजवळ हमीदभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. उंच, खोकणारे, डोळ्याला भिंग लावून बसणारे हमीदभाई. त्यांनी मेलेल्या रेडिओंची बटणं दिली, जुन्या टेलिफोनच्या तारेचा एक जाडजूड तुकडा दिला आणि सोल्डर वितळवून तार कशी चिकटवायची ते शिकवलं. दहा घरांचं बटण विकत मिळायचं ते हैदराबादला. मिलिंदनं ते घरीच केलं: प्लायवूडच्या तुकड्यावर गोलात दहा पितळी स्क्रू, मधे बटणाची दांडी, दांडीला पितळेची जीभ. जीभ ज्या स्क्रूवर टेकेल ती तार चालू. अशी दोन बटणं बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्यात बसवली. म्हणजे शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत कुठलाही आकडा लावता येणार. दोन्ही बटणांच्या मिळून वीस तारा खोक्याखालून निघायच्या, भिंतीच्या भोकातून आतल्या खोलीत यायच्या आणि चुलीजवळच्या एका फळीवर संपायच्या. त्या फळीपुढं मी. माझ्याजवळ टेलिफोनचा जुना चोंगा, मिलिंदच्या डोक्याला बांधलेला दुसरा. मी फळीवर दोन पिना ज्या आकड्याला खोचल्या असतील, नेमका तोच आकडा त्यानं पलीकडं लावला, तरच माझा आवाज त्याच्या कानात पडायचा. नाहीतर नुसती शांतता.

टेलिफोनच्या त्या जाड तारेत केसासारख्या बारीक रंगीत तारा होत्या. त्या सोडवून रंगारंगाच्या जुड्या करायच्या होत्या, म्हणजे ह्या टोकाची हिरवी त्या टोकाच्या हिरवीलाच लागेल. मिलिंदनं तो गुंता आणून माझ्या सुपात टाकला आणि म्हणाला, "अक्का, निवडून दे." मी निवडून दिला. दोघांपैकी कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढंही तेच चाललं. तो स्क्रू आवळत म्हणायचा, चौथी कुठली, आणि मी तार त्याच्या बोटात द्यायची. हमीदभाईंकडून आणलेल्या रेझिस्टरांवर, म्हणजे वीज अडवायच्या बारीक तुकड्यांवर, रंगीत पट्टे असायचे, त्यावरून त्यांचा हिशेब कळायचा. तेही मीच वाचून दाखवायची. तो ऐकून मनातल्या मनात हिशेब करायचा आणि तो कधी चुकायचा नाही.

दुपारी मिलमधून आले, की मी चुलीवर वरण ठेवायची आणि चोंगा उचलायची. मिलिंद खोक्यात बसायचा. मी आधी एका आकड्यावर त्याला गाठायची, उंची सांगायची, वळायला सांगायची, मधेच डावा किंवा उजवा दिवा पेटवायची. तो त्यानं पायानं विझवायचा. मग मी म्हणायची, आता सेव्हन-थ्रीवर या. इंग्रजी मला आकड्यांपुरतंच यायचं, पण ते मी असं म्हणायची की माय फुंकणी खाली ठेवून बघत राहायची. एका हातात दांडा, पाय फळीवर, आणि दुसऱ्या हातानं त्यानं दोन बटणं फिरवायची. मी तिकडं थांबलेली. बरोबर लागलं की कानात खर्र आवाज यायचा आणि त्याचं "अक्का, आलो" ऐकू यायचं. एका वेळी एकानंच बोलायचं, दुसऱ्यानं थांबायचं, आणि बोलणं संपलं की "ओव्हर" म्हणायचं, असा नियम होता. एकोणीस वर्षांत माझं वाक्य संपेपर्यंत थांबणारा तो पहिला माणूस. खोटं कशाला सांगू, मला विमानाचं काही पडलेलं नव्हतं. मला त्या चोंग्यात बोलायला आवडत होतं.

माझी नातवंडं आता पडद्यावर विमानं उडवतात. पडद्यातून कुणीतरी गोड बाई त्यांना इंग्रजीत वळायला सांगते. परवा नातवानं विचारलं, आजी, तुला हे जमेल का? मी म्हटलं, मी ही नोकरी केलेली आहे. तो हसला आणि पुन्हा पडद्याकडं वळला.

दुसऱ्या वर्षी भालकीला मावशीच्या घरी लग्न निघालं आणि मायनं मला मदतीला म्हणून पुढं पाठवलं. दहा-बारा दिवस मी तिथं पुऱ्या लाटल्या. परत आले तर मिलिंदचा चेहरा उतरलेला. माझ्या माघारी त्यानं पट्टी उघडून, एक तार तुटली होती म्हणून, सगळ्याच तारा नव्यानं जोडल्या होत्या आणि तेव्हापासून ती बिघडली होती. काही आकडे लागायचे, काही मुळीच नाही, आणि एक आकडा लावला की भलताच लागायचा. तीनदा त्यानं सगळं सोडून पुन्हा जोडलं होतं. ताराच कुजल्या असतील असं तो म्हणाला. मी फळी उलटी केली आणि बघितलं. मिलमधल्या बाईला एक नजर टाकली की कळतं. जिथं जिथं हिरवी हवी तिथं तपकिरी होती आणि तपकिरीच्या जागी हिरवी. चूक दुसरी कुठंच नव्हती. तिन्ही वेळा त्यानं अगदी काळजीपूर्वक तीच चूक केली होती.

मी एक हिरवी आणि एक तपकिरी तार उचलून त्याच्यापुढं धरली आणि ह्यातली हिरवी कुठली, असं सहज विचारलं. त्यानं एक धरली. ती तपकिरी होती. मी दुसऱ्या दोन धरल्या. आता त्यानं बरोबर सांगितलं. पुन्हा धरल्या, पुन्हा चुकला. उजेड कमी आहे म्हणाला आणि हसला. दुपारचे बारा वाजले होते, दार सताड उघडं होतं. मला मंठाळचा मामा आठवला. मिरचीच्या तोडणीला त्याला कुणी घ्यायचं नाही, कारण लाल तोड म्हटलं की तो हिरव्याही तितक्याच भरून आणायचा. सगळे त्याला वेंधळा म्हणायचे आणि पाणी धरायला पाठवायचे. मी तारा खाली ठेवल्या, त्या कुजल्याच आहेत असं म्हणाले, आणि पुन्हा निवडून दिल्या. त्या दिवशी दुपारी आमची पट्टी पहिल्यासारखी चालली.

आठवड्यानं मी सोल्डर आणायला हमीदभाईंकडं गेले तेव्हा त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं आणि स्टूल पुढं सरकवलं. मी नव्हते त्या दिवसांत मिलिंद पट्टी घेऊन त्यांच्याकडं येऊन गेला होता.

"बेटी, उसकू रंगां नै दिखते," ते म्हणाले. "तू जानती ना?"

मी होकारार्थी मान हलवली.

"विमानवाले सबसे पैले आंखां देखते. मैं बोला तो उसका दिल टूटींगा. तू बहन है, तू बोल दे. जल्दी बोल दे."

हो म्हणून मी सोल्डर घेऊन निघाले. घरी येईपर्यंत रस्ताभर मी वाक्य जुळवत होते आणि दारात पाऊल ठेवलं तेव्हा ते तयारही होतं. मिलिंद खोक्यात बसलेला होता. मला बघून म्हणाला, अक्का, लवकर आत जा, आज मला अवघडातले आकडे दे. मी आत गेले आणि चोंगा उचलला.

का सांगितलं नाही, ह्याची मी पुढं स्वतःला पुष्कळ कारणं दिली. त्याचं मन मोडवेना, कदाचित तिकडं रंग विचारणार नाहीत, मला मेलीला काय कळतं डोळ्यांतलं, कुणी डॉक्टरच सांगेल. ही सगळी कारणं थोडी थोडी खरी आहेत. पण त्या सगळ्यांच्या खाली दडलेली गोष्ट मला तेव्हाही माहीत होती. मी सांगितलं असतं तर त्या दिवशी विमान संपलं असतं. खोका मायनं चुलीत घातला असता आणि माझ्या वाट्याला मिल, सूप आणि एखाद्या वर्षात लग्न एवढंच उरलं असतं. त्याला माझी गरज होती आणि ती गरज कशातून आली हे घरात मला एकटीला ठाऊक होतं. त्याच्या डोळ्यांतल्या उणिवेवर मी दोन वर्षं टॉवर होऊन बसले. हे लिहायला मला साठी उलटावी लागली.

लेखी परीक्षा तो पास झाला. म्हैसूरचं बोलावणं आलं तेव्हा अप्पांनी पेढे वाटले आणि धावपट्टीवर जाऊन टिटव्यांनाही ते सांगितलं असणार. त्याच आठवड्यात दुसरा लिफाफा आला. गुलबर्ग्याच्या शिक्षक प्रशिक्षणाला त्यानं सगळ्यांबरोबर अर्ज टाकला होता, तिथं जागा मिळाली होती. त्या काळात आमच्या वस्तीत अशी जागा मिळणं म्हणजे घराला जन्मभराची भाकरी. पण तिथं मूळ कागदपत्रं जमा करायची होती, आणि तीच मूळ कागदपत्रं म्हैसूरला आणि पुढं डॉक्टरी तपासणीलाही दाखवायची होती. एक सोडल्याशिवाय दुसरं नाही. मिलिंदनं बोलावण्याबरोबरचा इंग्रजी कागद मोठ्यानं वाचून त्याचा अर्थ सांगितला: उंची इतकी, छाती इतकी, नजर अशी, रंग नीट ओळखता यायला हवेत. "त्ये तर येतातच," तो म्हणाला आणि पुढच्या ओळीवर गेला. मी भाकरी थापत होते. मी पुढची भाकरी थापायला घेतली.

अप्पा दोन दिवस गप्प होते, आणि अप्पा गप्प म्हणजे घर भयाण. तिसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघताना ते उंबऱ्यात थांबले आणि त्यांनी मला हाक मारली. मिलिंद नळावर गेला होता. माय सूप घेऊन बसली होती.

"सुमन, तू त्येच्यासंगं दोन वर्सं बसलीस," अप्पा म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदाच ते हळू बोलत होते. "मला त्यातलं काय कळत न्हाई. मी पाखरं हाकणारा मानूस. तू सांग. पोरगं टिकंल का तिकडं? न्हाई तर मास्तर झालेला बरा."

मी बोलेपर्यंत ते थांबले. मायनंही सूप थांबवलं. घरात कुणी माझ्यासाठी असं थांबलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि नेमकं तेव्हाच मला खरं बोलता आलं नाही.

"टिकंल अप्पा," मी म्हटलं. "जाऊ द्या त्येला."

अप्पांनी मान डोलावली आणि डबा उचलून ते गेले. गुलबर्ग्याची जागा गेली.

म्हैसूरला मिलिंद त्या यंत्रावर बसला आणि पास झाला. त्याच्या तुकडीतले बरेच जण तिथूनच घरी परतले, हा राहिला. दिवे डावीकडं नि उजवीकडं होते, घरच्यासारखेच, असं त्यानं पत्रात लिहिलं होतं. पुढं बेंगळूरला डॉक्टरी तपासणी. त्या आठवड्यात माय रोज विहारात जाऊन बसायची. मीही जायची, पण डोळे मिटले की मला त्या दोन ताराच दिसायच्या. मला वाटायचं, एवढी दोनशे माणसं तपासताना डॉक्टर एखादा कंटाळेल, एखादं पान सोडून देईल.

तो परत आला तो सकाळच्या बसनं. अप्पा कामावर, माय मिलमध्ये. मला ताप होता म्हणून मी एकटी घरी. त्यानं पिशवी खोक्यावर ठेवली, पाणी प्याला आणि चुलीजवळ माझ्यासमोर येऊन बसला. मग शांतपणे सांगितलं, की एक पुस्तक दाखवलं. त्यात नुसते रंगीत ठिपके होते. बाकीच्या पोरांना त्यात आकडे दिसत होते. डॉक्टर चांगला माणूस होता, त्यानं खिडकीजवळ नेऊन पुन्हा दाखवलं, दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं. ठिपक्यांत काही दिसेना. ह्याला औषध नाही, चष्मा नाही, जन्मापासून असतं आणि जन्मभर राहतं, असं त्यांनी सांगितलं. एवढं सांगून त्यानं माझ्याकडं बघितलं.

"अक्का, तुला कधी वाटलं व्हतं का गं? मला दिसत न्हाई म्हून?"

"न्हाई रे," मी म्हटलं.

"मंग कुणालाच ठाव नव्हतं," तो म्हणाला. मला रडू फुटलं. त्याला वाटलं मी त्याच्यासाठी रडतेय. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ मला थोपटत बसला. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान पोरगा, सगळं गमावून नुकताच घरी आलेला, आणि तो माझी समजूत घालत होता. त्याच्याइतकं मला कधीच कुणी लाजवलं नाही.

पुढच्या वर्षी त्यानं प्रशिक्षणाला पुन्हा अर्ज केला, जागा मिळाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. विजेच्या खात्यात तारांचं काम, तिथं पुन्हा रंग. रेल्वेत सिग्नल, तिथंही रंग. हमीदभाईंनी दुकानात बसवून बघितलं, पण त्या कामात प्रत्येक तुकड्याला कुणीतरी वाचून दाखवणारं लागतं, आणि मला तोवर उदगीरला दिली होती. शेवटी भालकीकडच्या एका साखर कारखान्यात, हंगामापुरता, गाड्यांच्या नोंदी करायला लागला. अप्पा त्याला काही बोलले नाहीत. मलाही नाही. अप्पा गेले तोवर त्यांचे कान पुरते गेले होते, त्यामुळं मी त्यांच्याजवळ बसून खरं सांगितलं असतं तरी त्यांना ऐकू आलं नसतं. हे मी स्वतःला समाधान म्हणून सांगते आणि मला त्यानं समाधान होत नाही.

मिलिंदचा माझ्यावरचा विश्वास मात्र वाढला. ज्या गोष्टीला आता नाव मिळालं होतं ती तो फक्त माझ्यापाशी मोकळेपणानं बोलायचा. उदगीरला आला की मला घेऊन कापडाच्या दुकानात जायचा आणि सदरा हातात धरून विचारायचा, अक्का, हा कुठला? मी रंग सांगायची. आंबे पिकले का, बसची पाटी लाल आहे का, जखमेतून अजून रक्त येतंय का, सगळं मला विचारायचा. प्रत्येक वेळी मी बरोबर सांगितलं.

माझा मुलगा पाच वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्याची दुपार, मिलिंद भालकीहून काकवीचा डबा घेऊन आलेला, मी त्याला चहा दिलेला. मुलगा फरशीवर पालथा पडून खडूनं झाड रंगवत होता. खोड तपकिरी, पानं तपकिरी. मी कढई घासत होते, हात तसेच राखेचे. उठले आणि पेटीतले दोन खडू काढून त्याच्यापुढं धरले, हिरवा कुठला विचारलं. तो चुकला. पुन्हा धरले. बरोबर. पुन्हा धरले, चुकला. मी खाली बसले, त्याला मांडीवर घेतलं आणि समजावून सांगितलं, की बाळा, तुला हे दोन रंग सारखेच दिसतात, मामालाही तसंच दिसतं, ह्यात तुझं काही चुकलं नाही, पण आपल्याला हे ठाऊक पाहिजे, म्हणजे मोठेपणी काय व्हायचं ते त्या हिशेबानं ठरवता येईल. हे सगळं बोलायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. किती सोपं होतं ते. सांगून झाल्यावर मला बरं वाटलं, आपण एक गोष्ट तरी धड केली असं वाटलं, आणि मग मी मान वर केली.

मिलिंदनं बशी खाली ठेवली होती.

"भालकीहून आलीस तवा," तो म्हणाला, "तू असंच दोन-दोन तारा धरल्या व्हत्यास माज्यापुढं."

मी हातातले खडू पेटीत ठेवले.

"तवाच कळलं व्हतं ना तुला?"

"व्हय," मी म्हटलं.

तो ओरडला असता तर मला सहन झालं असतं. त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. तो माझ्या मांडीवरच्या पोराकडं बघत होता.

"बरं केलंस," तो म्हणाला. "ह्येला टायमावर सांगितलंस."

मग पिशवी उचलली आणि बसला अजून दीड तास असताना निघून गेला.

त्यानं येणं बंद केलं नाही. काकवी येत राहिली, दिवाळीत मुलाला कपडे येत राहिले, मायच्या आजारपणात आम्ही दोघं आळीपाळीनं तिच्या उशाशी बसलो. बोलतो, हसतो, जेवतो. पण त्या दुपारनंतर त्यानं मला एकही गोष्ट विचारलेली नाही. कापडाच्या दुकानात मी शेजारी उभी असते, आणि तो सदरा हातात धरून, हा कुठला रंग, असं दुकानदाराला विचारतो.